कृष्णाकाठाला एकच वेळापत्रक हवे

(सांगली येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘एसटी’ असे सांगितले. त्यांना वाटले, मी थट्टा करीत आहे. व्याख्यानमालेत संस्कृती, इतिहास, अर्थकारण, संरक्षण असे भारदस्त विषय असतात. तेथे एसटीचे काय काम? परंतु समाज एकात्म आहे की नाही, याची परीक्षा मोठ्या सभांतून होत नाही. ती होते सायंकाळी सातच्या सुमारास, एखाद्या बसस्थानकाच्या फलाटावर, शेवटची गाडी लागणार की नाही या काळजीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर. म्हणून आज मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या, आणि सांगलीला लागून असलेल्या कर्नाटकाच्या सीमाभागाच्या, सार्वजनिक वाहतुकीविषयी बोलणार आहे.

आरंभी एक अनुभव सांगतो आणि त्याबरोबर एक कबुलीही देतो.

डिसेंबर २०२२ मधील गोष्ट आहे. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले होते. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. इकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. पोलिसांच्या सल्ल्यावरून एसटीने कर्नाटकात जाणाऱ्या फेऱ्या थांबविल्या. ती बातमी वाचून मला बरे वाटले होते, हे मी आज आपल्यापुढे मान्य करतो. ‘बरे झाले, जशास तसे,’ अशीच माझी प्रतिक्रिया होती.

त्याच आठवड्यात काही कामानिमित्त मी मिरजेच्या स्थानकावर गेलो. एका बाकावर अथणी तालुक्यातील एक वृद्ध जोडपे बसले होते. आजोबांचे मिरजेच्या एका रुग्णालयात उपचार चालू होते आणि ठरलेल्या दिवशी त्यांना यावेच लागे. आजी अर्धे कानडी आणि अर्धे मराठी अशा त्या भागातल्या गोड मिश्र बोलीत मला विचारत होत्या, ‘‘दादा, गाडी कवा सुटंल?’’ गाडी सुटणार नव्हती. वडापवाला नेहमीच्या भाड्याच्या कितीतरी पट मागत होता, आणि तोही सीमेपर्यंतच सोडणार होता. अखेर माझ्या एका मित्राने त्यांना आपल्या गाडीतून कागवाडपर्यंत पोहोचविले. परतताना तो मला म्हणाला, ‘‘आपण नक्की कोणाला धडा शिकवला रे?’’

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजचे व्याख्यान हा ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

नदीने आखलेला प्रदेश

आपल्या या भूभागाची रचना पाहा. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून खाली येते. साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, आणि मग ती कर्नाटकात प्रवेश करते. या प्रवासात तिला जिल्ह्याची हद्द लागत नाही आणि राज्याची सीमाही लागत नाही.

माणसांचा व्यवहारही नदीसारखाच वाहत आला. दत्तभक्तांचा मार्ग आठवा. श्रीनृसिंह सरस्वतींचे वास्तव्य औदुंबरला झाले, नृसिंहवाडीला झाले आणि पुढे गाणगापूरला झाले. आज औदुंबर सांगली जिल्ह्यात आहे, वाडी कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि गाणगापूर कर्नाटकात आहे. परंतु भाविकाच्या मनात ही तीन स्थाने एकाच माळेतील आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायाक्काला आपल्याकडून यात्रेकरू जातात. तिकडून पंढरीच्या वारीला आणि जोतिबाच्या डोंगरावर लोक येतात. सांगलीच्या बाजारात हळद येते ती केवळ सांगली जिल्ह्याची नसते. मिरजेच्या रुग्णालयांत रुग्ण येतात ते केवळ मिरज तालुक्याचे नसतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णालय उभारले, तेव्हापासून उत्तर कर्नाटकातील कित्येक पिढ्यांची ‘दवाखान्याची वाट’ मिरजेचीच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिकी आहेत. जत तालुक्यात कानडी बोलणारी गावे आहेत आणि निपाणी-बेळगावात मराठी बोलणारी घरे आहेत.

आणि आपण ज्या रेषांना आज अनादिकालापासूनच्या समजतो, त्यांचे वय तरी किती? सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत. पण १९४९ साली हा जिल्हा निर्माण झाला तेव्हा त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते. ‘सांगली’ हे नाव १९६० मध्ये आले. त्याआधी १९४८ पर्यंत येथे सांगली, मिरज, जत, औंध अशी संस्थाने आणि इंग्रजी मुलुखातील तालुके यांची गोधडी होती. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होईपर्यंत सातारा, दक्षिण सातारा आणि बेळगाव हे तिन्ही जिल्हे एकाच मुंबई राज्यात होते.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर मुंबई राज्याच्या एसटीची पहिली गाडी धावली, हे आपण जाणता. पुढची आठ वर्षे सांगलीहून बेळगावला निघालेल्या एसटीला कोणतीही राज्यसीमा ओलांडावी लागत नव्हती. आज ज्याला आपण ‘आंतरराज्य वाहतूक’ म्हणतो, ती त्या काळी शेजारच्या जिल्ह्यात जाणारी साधी फेरी होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. सीमाप्रश्नाचा न्याय मागण्याचा महाराष्ट्राचा अधिकार मी नाकारीत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे आणि त्याचा निर्णय तेथेच व्हायचा आहे. माझे म्हणणे एवढेच की, निकाल लागेपर्यंत त्या आजोबांनी बाकावर बसून राहावे, हे कोणत्याच न्यायात बसत नाही.

अडते कोठे?

मग अडते कोठे? आपण सर्वसाधारणपणे म्हणतो, ‘राजकारणामुळे.’ ते पूर्ण खरे नाही. राजकारणाने फेऱ्या आठ-पंधरा दिवस थांबतात. व्यवस्थेतील उणिवांमुळे प्रवासी वर्षातले ३६५ दिवस अडतो.

पहिली अडचण परवान्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८८ प्रमाणे एका राज्याने दिलेला परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही; त्यावर तेथील प्राधिकरणाची प्रतिस्वाक्षरी लागते. दोन राज्यांनी परस्पर करार केला, तर ठरलेल्या संख्येपुरती ही वाट मोकळी होते. कराराचा मसुदा राजपत्रात आणि प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो, हरकतींसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात, सुनावणी घ्यावी लागते. ही पद्धत योग्यच आहे. पण व्यवहारात हे करार ‘जितके किलोमीटर तुम्ही आमच्याकडे, तितके आम्ही तुमच्याकडे’ या समतोलावर उभे असतात. त्यामुळे एखाद्या सीमेवरच्या गावाला सकाळी एक फेरी वाढवायची म्हटले, तरी विचार प्रवाशाचा होत नाही. तो किलोमीटरच्या ताळेबंदाचा होतो, आणि ती फाईल मिरज-चिकोडीत न सुटता मुंबई-बेंगळुरूपर्यंत प्रवास करते. फाईलला मात्र कोठेही गाडी बदलावी लागत नाही!

दुसरी अडचण तिकिटाची. महाराष्ट्राने ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत केला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट केले. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली आपल्या राज्यातील महिलांना साध्या गाड्यांतून मोफत प्रवास दिला. दोन्ही योजना आपापल्या जागी चांगल्या आहेत. पण आपली सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते आणि तिकडची योजना आंतरराज्य गाड्यांना लागूच नाही. याचा अर्थ काय झाला? अथणीकडील एखादी माउली आपल्या गाडीने सीमेलगतच्या गावापर्यंत फुकट येऊ शकते. परंतु थेट मिरजेच्या गाडीत बसली, तर तिला पूर्ण तिकीट काढावे लागते. म्हणून ती गाडी बदलते. कडेवर मूल, हातात औषधांची पिशवी, आणि मध्ये उन्हात पुढच्या गाडीची वाट पाहत उभे राहणे. दोन शासनांनी आपापल्या परीने स्त्रीला सन्मान दिला, पण तो नेमका सीमेवर संपला.

तिसरी अडचण वेळापत्रकाची, आणि ती तर राज्याच्या आतही आहे. साताऱ्याचे रेल्वे स्थानक शहराबाहेर माहुलीला आहे. गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला शहरात आणणारी बस गाडीच्या वेळेशी जुळलेली असेल, याची शाश्वती नसते. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका १९९८ साली स्थापन झाली. तीन गावे मिळून एक शहर झाले. पण शहर बससेवा एसटीच चालविते आणि रेल्वे आपल्या वेळेने धावते. साताऱ्याहून निघालेल्या विद्यार्थ्याला विश्रामबागेतील महाविद्यालयात पोहोचण्यासाठी तीन वाहने बदलावी लागतात, आणि त्या तिन्ही वाहनांची एकमेकांशी ओळख नसते. महामार्गावरून पेठ नाक्याला वळून आष्ट्यावरून सांगलीला येणाऱ्या गाड्यांचीही हीच कथा आहे. मधली ही पोकळी कोण भरून काढतो? वडाप. दहा माणसांच्या जीपमध्ये कोंबलेली अठरा माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वडापवाल्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. पण जेथे व्यवस्था पोहोचत नाही तेथेच वडाप पोहोचते, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

मिरज जंक्शनचा धडा

आता या अडचणींवर उपाय आहे का? आहे, आणि तो शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. मिरजेच्या रेल्वे स्थानकावर जाऊन उभे राहा.

सातारा, कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, भिलवडी, सांगली असा पुण्याहून येणारा लोहमार्ग मिरजेत येतो. तेथून एक वाट कोल्हापूरला जाते; या कोल्हापूर फाट्याची पायाभरणी १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते झाली आणि १८९१ मध्ये तो सुरू झाला. दुसरी वाट पंढरपूर-कुर्डुवाडीला जाते; तेथे पूर्वी बार्शी लाईटची छोटी गाडी होती. तिसरी वाट शेडबाळ, उगार, कुडची, चिंचली, रायबाग, घटप्रभा करीत बेळगाव-लोंढ्याला जाते. प्रशासनाच्या दृष्टीने पाहिले, तर पुण्याकडील मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे, कुर्डुवाडीचा सोलापूर विभागात आहे आणि बेळगावचा मार्ग २००३ साली स्थापन झालेल्या नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात आहे. एकाच जंक्शनवर तीन विभाग आणि दोन स्वतंत्र रेल्वे!

पण साताऱ्याहून बेळगावला जाणाऱ्या प्रवाशाला हे ठाऊक असते का? त्याला ठाऊक असण्याची गरजच नाही. तो साताऱ्याच्या खिडकीवर एक तिकीट काढतो आणि बेळगावला उतरतो. त्याच्या पैशांतील वाटा कोणत्या रेल्वेला किती, हा हिशेब त्या दोन रेल्वे आपसांत करतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली हुबळी-पुणे ‘वंदे भारत’ बेळगाव, मिरज, सांगली आणि सातारा या स्थानकांवर थांबते. ती सीमा ओलांडते, तेव्हा डब्यात कोणी नवे तिकीट मागत नाही.

म्हणजे हिशेब संस्थेने करावा आणि प्रवास प्रवाशाने करावा, हे तत्त्व आपल्याच गावात शतकाहून अधिक काळ राबविले जात आहे. बसच्या बाबतीत मात्र आपण उलट केले. संस्थांच्या हिशेबाचा भार प्रवाशाच्या डोक्यावर ठेवला.

जगात आणि देशात

जगाकडे पाहिले, तर हेच तत्त्व यशस्वी झालेले दिसते. १९६५ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात निरनिराळ्या वाहतूक संस्थांनी एकत्र येऊन एक संघ स्थापन केला. गाड्या ज्याच्या त्याच्याच राहिल्या, कर्मचारीही ज्याचे त्याचेच राहिले. तिकीट आणि वेळापत्रक मात्र एक झाले. पुढे अनेक देशांनी हा नमुना उचलला.

त्याहूनही बोलके उदाहरण स्ट्रासबुर्गचे आहे. ऱ्हाइन नदीच्या एका तीरावर फ्रान्सचे स्ट्रासबुर्ग, दुसऱ्या तीरावर जर्मनीचे केल. १८७० पासून १९४५ पर्यंत या नदीच्या दोन्ही तीरांनी तीन महायुद्धसदृश संघर्ष पाहिले आणि स्ट्रासबुर्गवरील ध्वज पुन्हा पुन्हा बदलला. त्याच नदीवर नवा पूल बांधून एप्रिल २०१७ मध्ये स्ट्रासबुर्गची ट्राम जर्मनीत गेली. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराची ट्राम २०१४ साली जर्मनीतील वाइलपर्यंत आणि २०१७ साली फ्रान्समधील सेंट लुईपर्यंत पोहोचली. ही तर तीन वेगळी राष्ट्रे आहेत. त्यांचे सैन्य वेगळे. आपण एका राष्ट्राची लेकरे आहोत. आपल्याला कागवाड आणि म्हैसाळ यांच्यामधील काही किलोमीटर जड का व्हावेत?

कोणी म्हणेल, ते युरोप आहे. तर मग आपल्या देशातले पाहू. दिल्लीची मेट्रो २००९ साली उत्तर प्रदेशातील नोएडात गेली आणि २०१० मध्ये हरियाणातील गुडगावात गेली. दिल्ली-मेरठ जलद रेल्वेसाठी केंद्र शासन आणि दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान यांनी मिळून एक कंपनी स्थापन केली; निम्मा वाटा केंद्राचा आणि उरलेला चौघांचा समसमान. या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला. त्या चार राज्यांत वेगवेगळ्या पक्षांची सरकारे आली-गेली, कंपनी टिकली. आणि घरचे उदाहरण हवे असेल, तर पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथील दोन स्वतंत्र बससेवा २००७ साली एकत्र करून ‘पीएमपीएमएल’ उभी राहिली. तिच्या सेवेविषयी पुणेकरांच्या तक्रारी पुष्कळ असतील, पण हद्द आली म्हणून गाडीतून उतरावे लागते, ही तक्रार त्यांत नाही.

काय करता येईल?

आता करण्यासारख्या गोष्टी सांगतो. यांपैकी एकीलाही राज्यघटना बदलण्याची आवश्यकता नाही. रस्ते परिवहन महामंडळांच्या १९५० च्या कायद्यातच, कलम २० मध्ये, एका राज्याच्या महामंडळाला दुसऱ्या राज्यात सेवा नेण्यासाठी बोलणी करण्याची तरतूद आहे. दार आहे, ते ढकलणारे हात हवेत.

पहिली गोष्ट म्हणजे वेळापत्रक जुळविणे. याला जवळजवळ खर्चच नाही. मिरज हे केंद्र धरावे. पुण्याकडील आणि बेळगावकडील गाड्यांच्या वेळा समोर ठेवून एसटीच्या सांगली विभागाने, सातारा विभागाने आणि पलीकडे वायव्य कर्नाटक परिवहनाच्या चिकोडी विभागाने आपल्या फेऱ्या लावाव्यात. माहुलीला रेल्वे आली की पंधरा मिनिटांत साताऱ्याची बस सुटावी. त्याचा एक तक्ता तयार करून तो प्रत्येक स्थानकावर मराठीत आणि कानडीत लावावा. पाटी कोणत्या भाषेत असावी, यावरून भांडण्यापेक्षा ज्याला वाचायची आहे त्याला ती वाचता यावी, हे महत्त्वाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे सवलतींची परस्पर मान्यता. सीमेपासून ठरावीक अंतराचा पट्टा निश्चित करावा आणि त्यात धावणाऱ्या गाड्यांत दोन्ही राज्यांच्या महिला, ज्येष्ठ आणि विद्यार्थी यांच्या सवलती थेट प्रवासासाठी ग्राह्य धराव्यात. प्रत्येक राज्याने आपल्या रहिवाशांचा भार उचलावा आणि हिशेब महिन्याअखेरीस महामंडळांनी आपसांत मिटवावा, जसा रेल्वे करते. मार्च २०१९ मध्ये केंद्राने ‘एक देश, एक कार्ड’ हे सूत्र आणले. त्या पद्धतीचे कार्ड आज मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या मेट्रोत चालते. दोन राजधान्यांत जे कार्ड चालते, ते त्या दोन राजधान्यांच्या मधल्या मिरजेत का चालू नये? वाहकाच्या हातात आता तिकिटाचे यंत्र आहेच. कोण कोठून कोठे गेला, याची नोंद त्यात होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संकटकाळातही चालू राहील असा संपर्क हवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा तेच घडले. बेळगावजवळ भाषेवरून एका वाहकाला मारहाण झाली. तिची प्रतिक्रिया म्हणून चित्रदुर्गला आपल्या एसटीच्या चालकाला काळे फासले गेले, आणि कर्नाटकाकडील फेऱ्या पुन्हा थांबल्या. तो वाहक आणि तो चालक यांचा दोष काय? दोघेही खाकी घालून पहाटे घर सोडणारे, तुमच्या-आमच्या घरातले कष्टकरी. एकाने तिकडे मार खाल्ला, दुसऱ्याने आणखी तिकडे अपमान सोसला, आणि भाषेचा मान मात्र दोन्हीकडे होता तेथेच राहिला.

अशा वेळी काय करावे, याचा धडा आपल्याला पुराने दिला आहे. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगली विसरू शकत नाही. पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि ब्रह्मनाळची ती बोट आठवली की आजही जीव कासावीस होतो. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. त्या अनुभवानंतर दोन्ही राज्यांचे जलसंपदा अधिकारी पावसाळ्यात एकमेकांच्या संपर्कात असतात. अलमट्टीतून किती विसर्ग आणि कोयनेतून किती, याची देवाणघेवाण होते. सीमावादाने तो दूरध्वनी बंद पडत नाही, कारण तो बंद पडला तर माणसे बुडतील, हे दोघांनाही कळले आहे. असाच एक दूरध्वनी दोन्हीकडच्या विभाग नियंत्रकांमध्ये आणि पोलीस अधीक्षकांमध्ये का असू नये? तणाव वाढला, तर लांब पल्ल्याच्या गाड्या थांबवा. परंतु रुग्ण, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांच्या फेऱ्या पोलीस संरक्षणात सीमेपर्यंत न्याव्यात आणि पलीकडच्या गाडीत बसवून द्याव्यात. एवढे तरी पूर्वनियोजित असले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये मार्गशीर्ष पौर्णिमेची सौंदत्तीची यात्रा नेमकी त्याच दिवसांत आली होती आणि कोल्हापूर भागातील असंख्य भाविक एसटीने तेथे गेले होते. त्यांच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील, याची कल्पना करा.

दोन आक्षेप

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप पैशाचा. एसटी आधीच तोट्यात आहे. ऑक्टोबर २०२१ पासून कित्येक महिने चाललेला संप आपण पाहिला. जानेवारी २०२५ मध्ये भाडे जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढले. मग हा नवा भार कशाला? पण मी अधिक गाड्या मागितलेल्या नाहीत. आहेत त्या गाड्या एकमेकींची वाट पाहतील, एवढेच मागितले आहे. जो प्रवासी जुळणी नाही म्हणून वडापकडे किंवा दुचाकीकडे गेला, तो परत आला तर एसटीचा तोटा वाढत नाही, कमी होतो.

दुसरा आक्षेप भावनेचा. ‘तुम्ही गाड्या चालू ठेवा म्हणता, म्हणजे बेळगाववरील हक्क सोडा म्हणता.’ बंधूंनो, नेमके उलट आहे. सांगली-कोल्हापूरकडून बेळगावला गाडी जाते, तेव्हा तिच्यातून कोण जाते? मराठी नियतकालिकांचे गठ्ठे जातात, माहेरवाशिणी जातात, इकडे शिकणारी तिकडची मुले जातात. गाडी थांबली की बेंगळुरूला काही फरक पडत नाही; बेळगावचा मराठी माणूस मात्र एकटा पडतो. ज्याच्यासाठी आपण लढतो असे म्हणतो, त्याच्याच घराची वाट आपण बंद करतो. आणि तिकडील कानडी बांधवही परका नाही. पंढरीचा पांडुरंग जितका आपला, तितकाच त्याचा आहे.

आपले काम

शेवटी, हे सर्व शासनाने करावे असे म्हणून आपण घरी जायचे का? मला तसे वाटत नाही. या सभागृहाबाहेर किती दुचाकी आणि मोटारी उभ्या आहेत, ते मी येताना पाहिले. त्यांत माझीही एक आहे. मध्यमवर्गाने एसटीत बसणे सोडले, आणि त्याबरोबर एसटीविषयी बोलणेही सोडले. जो आवाज अधिकाऱ्याच्या दालनापर्यंत पोहोचू शकतो, तो गाडीत नाही. आणि जो गाडीत आहे, त्याचा आवाज पोहोचत नाही.

म्हणून माझी तीन लहान मागणी आहेत. महिन्यातून एकदा सहकुटुंब सार्वजनिक वाहनाने सीमेपलीकडे किंवा साताऱ्याकडे प्रवास करा आणि कोठे किती वेळ थांबावे लागले, ते वहीत लिहा. तरुण कार्यकर्त्यांनी सीमेवरील एकेक गाव वाटून घ्यावे. सकाळी किती विद्यार्थी निघतात, किती रुग्ण निघतात, किती शेतकरी निघतात, कोणत्या फेरीची गरज आहे, याचा आठ दिवसांचा तक्ता करावा आणि तो दोन्हीकडच्या आगारांत नेऊन द्यावा. घोषणेला अधिकारी उत्तर देत नाही. तक्त्याला त्याला उत्तर द्यावे लागते. आणि तिसरे, पुढच्या वेळी वातावरण तापेल, तेव्हा बसस्थानकावर काळा रंग घेऊन जाणाऱ्यांपेक्षा पाण्याचा तांब्या आणि मोटारीची किल्ली घेऊन जाणाऱ्यांची संख्या अधिक असावी.

माझ्या मित्राचा प्रश्न मी आरंभी सांगितला होता. ‘आपण नक्की कोणाला धडा शिकवला?’ त्याचे उत्तर आता माझ्याजवळ आहे. आपण कोणालाच धडा शिकवला नाही. एका आजारी माणसाला फक्त उशीर केला. ते आजोबा आज हयात आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. परंतु त्यांच्या जागी दुसरे कोणी आज सायंकाळीही मिरजेच्या बाकावर बसलेले असेल. त्याची गाडी वेळेवर लागावी, एवढ्यासाठी आपण सर्वांनी थोडा वेळ द्यावा, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.